नव्या सर्व्हरवर पहिलं नाव कुणाचं?

क्लाउडवर पहिल्यांदाच सर्व्हर घेणारा माणूस तासाभरात एक प्रश्न हमखास विचारतो. सर्व्हर सुरू झाला, पडद्यावर त्याचा आयपी पत्ता आला, भाड्याचं मीटरही पडलं. पण आत जायचं कोणत्या नावानं? आपण तर कुठलंच नाव दिलं नव्हतं.

चार ठिकाणी विचारलं की गोंधळ वाढतो. एक जण सांगतो 'रूट' टाका, दुसरा म्हणतो 'उबुंटू', तिसरा 'ईसी२-युजर', चौथा 'ॲडमिन'. चौघंही खरं बोलतात, कारण चौघांनी वेगवेगळे सर्व्हर घेतलेले असतात. ही नावं कुठून येतात, ती कोण ठरवतं, ठरवताना काय तोलावं लागतं आणि त्यात आपल्याला काय बदलता येतं, ते या प्रकरणात पाहू. (नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्ष टंकताना ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहायची.)

१. आण्याचा सर्व्हर

समजून घ्यायला एक उदाहरण धरू. कल्याण-नगर महामार्गानं आळेफाटा आणि बेल्हे मागं टाकून आणे घाट चढला की जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाचं आणे पठार लागतं. पाऊस बेताचा, भिस्त कांद्यावर. समजा, इथल्या शेतकऱ्यांच्या एका गटाला स्वतःची छोटी वेबसाइट हवी आहे. आळेफाटा आणि ओतूरच्या बाजारातला कांद्याचा भाव, नारायणगावच्या बाजारातला टोमॅटोचा भाव, आणि गटाकडं किती माल शिल्लक आहे, एवढंच तिच्यावर रोज दिसायला हवं. काम तिघांकडं आहे: संगणकाची पदवी घेतलेली एक मुलगी, हिशेब पाहणारा एक जण आणि भाव भरणारा एक जण.

असा सर्व्हर आता लांबून आणावा लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडचं 'सेंट्रल इंडिया' केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झालं, गुगलचं २०१७ मध्ये. अशा सर्व्हरवर बहुधा चालणारी लिनक्स ही प्रणालीही जुन्नर तालुक्याला नवी नाही. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेनांची. या ॲन्टेनांकडून येणारे संकेत एकत्र करण्याचं अवघड काम २०१०च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या लिनक्स-समूहाकडं दिलं गेलं. ज्या प्रणालीवर आकाशगंगांची निरीक्षणं होतात, तीच प्रणाली कांद्याचा भाव दाखवायलाही चालते. खात्यांचे नियम दोन्हीकडं सारखेच.

आपल्या गटानं क्लाउड कंपनीच्या पानावर जाऊन यादीतून 'उबुंटू लिनक्स' निवडलं, बटण दाबलं आणि मिनिटभरात सर्व्हर तयार झाला. इतक्या लवकर तो 'बसवला' कसा? तो बसवलाच जात नाही. आपल्या लॅपटॉपवर लिनक्स बसवताना भाषा, वेळ, नाव, पासवर्ड असं एकेक विचारलं जातं. क्लाउडवर हे सगळं आधीच करून ठेवलेल्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढली जाते. त्या मूळ प्रतीला 'इमेज' म्हणतात. उबुंटूची इमेज उबुंटूवाले बनवतात, फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या वाणाची फेडोरावाले. तिच्यातून एकाच दिवशी जगभर हजारो सर्व्हर निघतात.

खात्याच्या नावाचा सगळा पेच इथूनच सुरू होतो. इमेज बनवणाऱ्याला तुमचं नाव माहीत नसतं, पण आत जायला एक तरी खातं असायलाच हवं. म्हणून तो कुणाचंच नसलेलं, पण सगळ्यांना चालेल असं एक नाव ठेवून देतो. यालाच डीफॉल्ट खातं म्हणतात.

२. रूट असताना दुसरं खातं कशाला?

प्रत्येक लिनक्सवर एक खातं जन्मापासून असतं: रूट. ते युनिक्सच्या १९७०च्या दशकातल्या घडणीतून चालत आलं आहे. रूटला कसलीही मनाई नसते. कुठलीही फाइल वाचता येते, कुणाचंही खातं पुसता येतं, अख्खी डिस्क कोरी करता येते. मग त्याच नावानं आत जायला काय हरकत आहे?

आपल्या भागातल्या कुठल्याही पतसंस्थेचं उदाहरण घ्या. तिथल्या संगणकावर चारही कर्मचारी 'मॅनेजर' या एकाच नावानं काम करू लागले तर व्यवहार अडणार नाही. पैसे भरले जातील, काढलेही जातील. पण महिनाअखेरीला एका खात्यात तफावत निघाली की ती नोंद कुणी केली हे सांगायला कागदावर काहीच नसेल. म्हणून प्रत्येकानं आपापल्या नावानं बसायचं, आणि व्यवस्थापकाच्या अधिकाराचं काम निघालं तर तेवढ्यापुरता अधिकार वापरून त्याची नोंद ठेवायची, असा शिस्तीचा मार्ग असतो.

लिनक्सवर ही शिस्त 'सुडो' नावाचं साधन सांभाळतं. बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ते १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो इथल्या विभागात लिहिलं. आज्ञेच्या आधी 'सुडो' लिहिलं की ती एकच आज्ञा रूटच्या अधिकारानं चालते. कोणत्या खात्यानं, किती वाजता, कोणती आज्ञा दिली, हे नोंदवहीत उमटतं. साध्या खात्यातून चुकून अख्खी डिस्क पुसण्याची आज्ञा दिली गेली तर यंत्र नकार देतं. रूट मात्र तीच आज्ञा विनातक्रार पाळतो.

दुसरं कारण सुरक्षेचं. जगातल्या प्रत्येक लिनक्सवर रूट असतो, हे चोरालाही माहीत असतं. इंटरनेटवर सर्व्हर आला की काही मिनिटांत अनोळखी यंत्रं त्याच्या २२ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे आत यायच्या दारावर, येऊन 'रूट' हे नाव आणि अंदाजानं पासवर्ड टाकून पाहू लागतात. यात माणूस बसलेला नसतो. दिवसरात्र हेच करणारे प्रोग्राम असतात.

या मुद्द्यावर एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'उबुंटू'सारखं डीफॉल्ट खातं रूटपेक्षा दुबळं असतं, असं लोक धरून चालतात. ते दुबळं नसतं. त्या खात्याला सुडो वापरून कुठलीही आज्ञा देण्याची मुभा असते, आणि बहुतेक इमेजमध्ये त्यासाठी पासवर्डही मागितला जात नाही. म्हणजे हे खातं ज्याच्या हाती, सर्व्हरही त्याच्याच हाती. रूटऐवजी हे खातं देण्यातला फायदा नोंद राहण्याचा, घाईतल्या चुकीला एक अडसर असण्याचा आणि चांगल्या सवयीचा आहे. तो फायदा मोठा आहे. पण त्यानं सर्व्हरला कवच मिळतं असं मानून निर्धास्त राहू नये.

३. पासवर्ड का दिलेला नसतो?

नाव ठेवलं, तर सोबत एक पासवर्डही ठेवून द्यायला काय हरकत होती? तो पहिल्यांदा आत गेल्यावर बदलता आला असता. घरातला वायफाय राउटर, सीसीटीव्ही कॅमेरा अशा वस्तूंबरोबर वर्षानुवर्षं असंच होत आलं, आणि त्याचं काय होतं हे २०१६ मध्ये जगानं पाहिलं.

त्या वर्षी 'मिराई' नावाचा प्रोग्राम इंटरनेटवर फिरू लागला. त्याच्याकडं साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती: 'ॲडमिन' आणि 'ॲडमिन', 'रूट' आणि '१२३४५' अशा. ही सगळी कारखान्यातून आलेली, कुणीच न बदललेली खाती. तेवढ्या यादीवर त्यानं लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांचा मारा 'डाइन' या कंपनीवर झाला. ही कंपनी वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगायचं काम करत होती. ती कोलमडल्यावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास बंद पडल्या.

धडा सावकाश उतरला. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२० पासून, तर ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून, सगळ्या उपकरणांना एकच पासवर्ड लावून विकायला कायद्यानं बंदी आली. शाळा-कॉलेजांत वापरल्या जाणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर 'पाय' हे खातं आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड अनेक वर्षं होता. एप्रिल २०२२ मध्ये ते खातंच काढून टाकलं गेलं. आता पहिल्यांदा चालू करतानाच तुमचं नाव विचारलं जातं.

क्लाउडवरचा सर्व्हर तर पहिल्या सेकंदापासून उघड्या इंटरनेटवर असतो. 'आत जाऊन बदलू' म्हणायला तिथं उसंतच नाही. म्हणून चांगल्या इमेजमध्ये डीफॉल्ट खात्याला पासवर्डच नसतो. पासवर्ड रिकामा ठेवलेला नसतो, तो कुलूपबंद असतो. म्हणजे कुठलाही पासवर्ड टाकला तरी चालत नाही. सुडो पासवर्ड का मागत नाही, त्याचंही उत्तर इथंच आहे: जो अस्तित्वात नाही तो मागणार कसा?

मग ओळख कशी पटवायची? एसएसएचच्या की-जोडीनं. एसएसएच म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्याची पद्धत. फिनलंडच्या तातू यलोनेन यांनी ती १९९५ मध्ये लिहिली, त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. तुमच्या संगणकावर एक आज्ञा दिली की दोन फाइली तयार होतात. एक 'प्रायव्हेट की', जी तुमच्याकडंच राहते आणि कुणालाही द्यायची नसते. दुसरी 'पब्लिक की', जी कुणाच्याही हाती पडली तरी बिघडत नाही. सर्व्हरवर फक्त पब्लिक की ठेवली जाते. तुम्ही आत जायला गेलात की सर्व्हर असं एक कोडं घालतो, जे जोडीतली प्रायव्हेट की असलेल्यालाच सुटतं. प्रायव्हेट की तुमच्या संगणकाबाहेर जातच नाही, त्यामुळं वाटेत चोरण्यासारखं काही उरत नाही.

४. पहिल्या अर्ध्या मिनिटात काय घडतं

आता आपल्या गटाकडं परत येऊ. इमेज सगळ्यांची एकच आहे, पण गटाच्या मुलीची पब्लिक की फक्त गटाच्या सर्व्हरवर हवी. ही सांगड घालणाऱ्या प्रोग्रामचं नाव क्लाउड-इनिट. तो उबुंटूसाठी लिहिला गेला आणि आज जवळजवळ सगळ्या लिनक्स इमेजमध्ये असतो.

सर्व्हर पहिल्यांदा चालू होताना क्लाउड-इनिट जागा होतो. आपण नव्या यंत्रावर आहोत, हे तो आधी ओळखतो. मग इमेजमधली त्याची सेटिंगची फाइल वाचतो. इमेज बनवणाऱ्यानं त्या फाइलीत लिहून ठेवलेलं असतं: डीफॉल्ट खात्याचं नाव 'उबुंटू', पासवर्ड कुलूपबंद, सुडोची मुभा पूर्ण. क्लाउड-इनिट तसं खातं तिथल्या तिथं तयार करतो. मग तो क्लाउड कंपनीकडं चौकशी करतो. ॲमेझॉनसह बऱ्याच क्लाउडवर या चौकशीचा पत्ता ठरलेला आहे: १६९.२५४.१६९.२५४. हा पत्ता बाहेरच्या इंटरनेटवर नसतो, सर्व्हरला आतूनच दिसतो. तिथून मुलीनं बटण दाबताना निवडलेली पब्लिक की मिळते, आणि ती 'उबुंटू' खात्याच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. एवढं झालं की सर्व्हर वापरायला तयार.

म्हणजे सर्व्हर चालू होईपर्यंत डीफॉल्ट खातं नुसतं एका फाइलीतली ओळ असतं. ती ओळ बदलली की नाव बदललं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचा उपयोग होईल.

नावाचा घोळ झाला तर क्लाउड-इनिट मदतही करतो. मुलीनं सवयीनं 'रूट' या नावानं आत जायचा प्रयत्न केला, तर तिची की ओळखली जाते, पण आत सोडलं जात नाही. 'रूट'ऐवजी 'उबुंटू' या नावानं लॉगिन करा, असा इंग्रजी निरोप पडद्यावर येतो, दहा सेकंद थांबतो आणि जोडणी बंद होते. नवख्या माणसाला योग्य नाव सांगण्याची इतकी सोपी सोय कुणाला तरी सुचली, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. आपल्या सरकारी पोर्टलांनी ती उचलायला हवी.

५. नाव कसं निवडतात

इमेज बनवणाऱ्यांपुढं मोजके मार्ग असतात, आणि प्रत्येक मार्गानं कुणी ना कुणी गेलेलं आहे.

पहिला मार्ग क्लाउडचं नाव देण्याचा. ॲमेझॉनची 'ईसी२' ही सर्व्हर भाड्यानं देण्याची सेवा ऑगस्ट २००६ मध्ये चाचणीसाठी खुली झाली. तिच्यावरून ॲमेझॉनच्या स्वतःच्या लिनक्समध्ये 'ईसी२-युजर' हे नाव आलं. ॲमेझॉनवरच्या रेड हॅट आणि सूझे या लिनक्सच्या इमेजनीही तेच घेतलं. एकाच क्लाउडवर सगळं काम असणाऱ्याला हे बरं पडतं; लिनक्स कोणतंही असो, नाव एकच. ओरॅकलच्या क्लाउडवरचं 'ओपीसी' याच घराण्यातलं, ओरॅकल पब्लिक क्लाउडची आद्याक्षरं. अडचण येते ती इमेज दुसरीकडं नेल्यावर. पुण्यातल्या एखाद्या कॉलेजनं स्वतःच्या यंत्रांवर स्वतःचा क्लाउड उभारला आणि तिथल्या खात्याचं नाव ॲमेझॉनच्या सेवेवरून असलं, तर ते कुणालाच कळणार नाही. म्हणून रेड हॅटच्याच इमेजमध्ये ॲमेझॉनबाहेर 'क्लाउड-युजर' असतं. म्हणजे पुन्हा दोन नावं.

दुसरा मार्ग लिनक्सच्या वाणाचं नाव देण्याचा. उबुंटूचं 'उबुंटू', रॉकीचं 'रॉकी', आर्चचं 'आर्च'. फेडोराचा प्रवास इथं बोलका आहे. तिच्या इमेजमध्ये आधी 'ईसी२-युजर' होतं. फेडोरा एकट्या ॲमेझॉनवर नव्हे तर अनेक क्लाउडवर चालायला हवी, हे ठरत गेलं तसं २०१३च्या सुमारास ते नाव सोडून 'फेडोरा' आलं. डेबियननं मधली वाट धरली: ॲमेझॉनवर 'ॲडमिन', ओपनस्टॅक या मुक्त क्लाउडसाठीच्या इमेजमध्ये 'डेबियन'.

'ॲडमिन' हा तिसरा मार्ग: कुणाचंच नाव न घेता कामाचं नाव द्यायचं. ऐकायला समंजस वाटतं. पण मिराईच्या यादीत हेच नाव पुन्हा पुन्हा होतं, आणि आजही अंदाज बांधणारे प्रोग्राम 'रूट'च्या खालोखाल याच्यावर हात मारतात. त्यात एक तांत्रिक खड्डाही आहे. लिनक्सवर खातं तयार झालं की बहुधा त्याच नावाचा एक गटही तयार होतो. उबुंटूच्या सुडोच्या नियमांत 'ॲडमिन' नावाच्या गटाला पूर्ण अधिकार देणारी जुनी ओळ आहे. कुणी निष्पापपणे 'ॲडमिन' नावाचं साधं खातं उघडलं, तर त्याला न मागता सर्वाधिकार मिळू शकतात. एका नावाला आधीच जुना अर्थ चिकटलेला असेल तर ते नाव टाळलेलं बरं.

चौथा मार्ग म्हणजे ग्राहकालाच विचारणं. अझ्युरवर सर्व्हर घेताना नाव द्यावंच लागतं. 'ॲडमिन', 'टेस्ट', 'युजर' अशी अंदाजात येणारी नावं तिथं स्वीकारलीच जात नाहीत. गुगलच्या क्लाउडवर तुमच्या गुगल खात्यावरून नाव तयार होतं. आणि डिजिटलओशनसारखे काही जण आजही बऱ्याच इमेजमध्ये थेट रूट देतात. नवख्याला सोपं जावं, हा त्यामागचा विचार.

यांपैकी कोणता मार्ग बरा? माझं मत लिनक्सच्या वाणाचं नाव देण्याच्या बाजूनं आहे. 'उबुंटू' किंवा 'फेडोरा' म्हटलं की आपण कुठल्या प्रणालीवर आहोत आणि प्रोग्राम बसवायची आज्ञा 'ॲप्ट' आहे की 'डीएनएफ', हे नावावरूनच समजतं. क्लाउड बदलला तरी नाव बदलत नाही, म्हणून शिकवणाऱ्यालाही एकच धडा पुरतो. आणि हे नाव एखाद्या माणसाचं आहे असा कुणाचा समज होत नाही. ते तात्पुरतं आहे, आपलं स्वतःचं खातं अजून उघडायचं आहे, ही आठवण त्यातच राहते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. ज्याला शंभर सर्व्हर सांभाळायचे आहेत, त्यांत पाच वाणांचे लिनक्स आहेत, त्याला प्रत्येक स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या तयार यादीत, पाच नावं लिहायला लावणं योग्य का? सगळ्या वाणांनी मिळून एकच नाव ठरवावं, असं म्हणणारे लोक हे काम रोज करणारे आहेत, त्यांची अडचण खरी आहे. पण तसं नाव ठरलं तर ते दुसरं 'रूट' होईल. जगभर एकच, पहिल्या अंदाजात सापडणारं. उलट एसएसएचच्या सेटिंगच्या फाइलीत प्रत्येक सर्व्हरपुढं त्याचं नाव एकदा लिहून ठेवता येतं, मग ते रोज आठवावं लागत नाही. अडचण सुटण्यासारखी असेल तर ती सोडवणाऱ्याकडं राहू द्यावी, असं मला वाटतं.

'उबुंटू' हे नावही चोरांना ठाऊक आहेच की, असाही आक्षेप घेतला जातो. ठाऊक आहे, आणि ते अंदाजही करतात. कुठल्याही सर्व्हरची नोंदवही उघडली की ते प्रयत्न दिसतात. पण पासवर्ड कुलूपबंद असेल तर नाव कळून काहीच हाती लागत नाही. धोका तेव्हा उभा राहतो, जेव्हा आपल्यातलाच कुणी तरी 'की सांभाळणं कटकटीचं आहे' म्हणून त्या खात्याला सोपा पासवर्ड लावतो आणि पासवर्डनं आत यायची सोय चालू करतो. त्या क्षणी निम्मं कोडं चोराला आधीच सुटलेलं असतं.

एकदा ठरलेलं नाव बदलणं फार महाग पडतं. पुस्तकं, व्हिडिओ, हजारो लोकांच्या स्क्रिप्ट, सगळीकडं ते पसरलेलं असतं. म्हणून फेडोरा आणि डेबियनसारख्या प्रकल्पांत इतक्या लहान वाटणाऱ्या गोष्टीवरही जाहीर चर्चा होते, आणि त्यात भाग घ्यायला कुणाला मज्जाव नसतो. ही मंडळी आपल्यापासून दूरही नाहीत. फेडोराचं 'फडकॉन' हे संमेलन पुण्यात दोनदा भरलं आहे: नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपीत आणि जून २०१५ मध्ये एमआयटी कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये. मराठी पडद्यावर नीट दिसावी म्हणून 'लोहित' फॉन्टवर झालेलं बरंचसं काम रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांनी केलं. जुन्नर-आंबेगावच्या कॉलेजांतल्या मुलांनी या चर्चांत उतरावं असं मला मनापासून वाटतं. तिथं इंग्रजीपेक्षा प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव मोजला जातो.

६. नावामागचा नंबर

लिनक्स आतून नाव ओळखत नाही, नंबर ओळखतं. रूटचा नंबर ०. माणसांच्या खात्यांचे नंबर आता १००० पासून सुरू होतात (रेड हॅटच्या घराण्यात पूर्वी ५०० पासून होते). डीफॉल्ट खातं सहसा १००० घेतं, म्हणून आपल्या गटाच्या मुलीनं स्वतःचं खातं उघडलं तर तिला १००१ मिळेल.

याचा त्रास डिस्क हलवताना होतो. गटाच्या भावांच्या फाइली एका वेगळ्या डिस्कवर आहेत, आणि त्यांचा मालक म्हणून १००० हा नंबर नोंदलेला आहे. उद्या ती डिस्क डेबियनच्या सर्व्हरला जोडली, तर याच फाइलींचा मालक 'उबुंटू' नव्हे, 'डेबियन' दिसेल. तिथं १००० नंबर आधीच दुसऱ्या माणसाला दिला असेल, तर फाइली त्याच्या होतील. यात कुठली चोरी नाही, पण ज्यानं भाव बदलू नयेत त्याला ते बदलता येतील.

उबुंटूनं एप्रिल २०२३च्या आवृत्तीपासून कंटेनरच्या इमेजमध्येही १००० नंबरचं 'उबुंटू' खातं ठेवायला सुरुवात केली. (कंटेनर म्हणजे एकाच प्रोग्रामपुरती, सर्व्हरहून हलकी इमेज.) तो नंबर मोकळा असणार असं धरून ज्यांनी आपली बांधणी केली होती, त्यांची कामं पुढच्या वर्षीच्या २४.०४ आवृत्तीवर आल्यावर अडू लागली. बदल एका ओळीचा होता, तरी शोध घेता घेता लोकांचे दिवस गेले.

७. आत गेल्यावर

डीफॉल्ट खातं आत शिरण्यासाठी आहे, राहण्यासाठी नाही. आपल्या गटातले तिघंही 'उबुंटू' या एकाच खात्यानं आणि एकाच प्रायव्हेट कीनं काम करू लागले, तर रूट टाळून मिळवलेलं सगळं वाया गेलं. सुडोच्या नोंदवहीत सगळीकडं 'उबुंटू' दिसेल. एक जण काम सोडून गेला, तर उरलेल्या दोघांना नवी की घ्यावी लागेल.

म्हणून मुलीनं पहिल्याच दिवशी तीन खाती उघडावीत, प्रत्येकाची पब्लिक की ज्याच्या त्याच्या खात्यात ठेवावी. सुडोची मुभा तिला स्वतःला आणि फार तर हिशेब पाहणाऱ्याला. भाव भरणाऱ्याला ती लागत नाही. उबुंटूवर त्यासाठी खातं 'सुडो' या गटात घालायचं, फेडोरावर 'व्हील' या गटात. या दोघांना पासवर्डही ठरवून द्यावा. तो बाहेरून आत यायला चालणार नाही, फक्त सुडो वापरताना विचारला जाईल.

हे सगळं सर्व्हर जन्मतानाच करता येतं. क्लाउडच्या पानावर सर्व्हर घेताना 'युजर डेटा' नावाचा एक रकाना असतो. तिथं लिहिलेलं क्लाउड-इनिट वाचतो. त्यात खात्यांची यादी दिली आणि यादीत 'डीफॉल्ट' हा शब्द ठेवला, तर 'उबुंटू' आणि तुमची तिन्ही खाती तयार होतात. तो शब्द गाळला, तर 'उबुंटू' हे खातं जन्मालाच येत नाही. मात्र पहिल्या वेळी तो शब्द गाळू नये. की चिकटवताना एक अक्षर सुटलं तर आत जायला दुसरा रस्ता राहत नाही, आणि सर्व्हर मोडून नवा घ्यावा लागतो.

चालू सर्व्हरवरचं डीफॉल्ट खातं बंद करायचं असेल तर आधीची जोडणी तोडू नका. ती तशीच उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून स्वतःच्या नावानं आत या, सुडोनं एखादी आज्ञा देऊन पाहा. ते चाललं तरच पुढं जा. वेळापत्रकानं चालणारं एखादं काम, रोज रात्री भावांची प्रत काढणारी स्क्रिप्ट वगैरे, 'उबुंटू'च्या नावानं लावलेलं नाही ना, तेही तपासा. खातं पुसण्यापेक्षा त्यातली पब्लिक की काढणं बरं. फाइलींचा मालक तसाच राहतो आणि आत यायची वाट बंद होते.

पुढं कधी आपल्या गटाचं काम पाहून शेजारच्या गावांतले गट म्हणतील, आम्हालाही असाच सर्व्हर द्या. तेव्हा मुलगी तयार सर्व्हरची इमेज काढेल, आणि आता नाव निवडणाऱ्याच्या जागी ती स्वतः असेल. इथं दोन गोष्टी घडतात. नव्या यंत्रावर क्लाउड-इनिटला वाटतं की आपण पहिल्यांदाच जागे झालो, म्हणून तो बंद केलेलं 'उबुंटू' खातं पुन्हा वापरात आणतो. तसं नको असेल तर सेटिंगच्या फाइलीतली ती ओळ इमेज काढण्याआधी बदलायला हवी. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. तिघांच्या पब्लिक की इमेजमध्ये तशाच राहतात, म्हणजे इमेज घेणाऱ्या प्रत्येक गटाच्या सर्व्हरवर या तिघांना न विचारता जाता येतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमेझॉनवरच्या पाच हजारांहून अधिक सार्वजनिक इमेज तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे पाचातल्या एकीत अशी मागं राहिलेली की किंवा पासवर्ड सापडला होता. बहुतेकांचा हेतू वाईट नव्हता. पुसायचं राहून गेलं होतं.

म्हणून इमेज काढण्याआधी सगळ्या खात्यांतल्या पब्लिक की काढाव्यात, सर्व्हरची स्वतःची एसएसएच की पुसावी म्हणजे प्रत्येक नवा सर्व्हर आपली वेगळी की बनवेल, आज्ञांचा जुना इतिहास पुसावा, आणि 'क्लाउड-इनिट क्लीन' ही आज्ञा द्यावी. मग त्या इमेजमधून एक सर्व्हर उभारून तिघांपैकी एकाचीही की त्यावर चालत नाही याची खात्री करावी, आणि मगच ती इमेज दुसऱ्या गटाच्या हाती द्यावी.